पीएचडी, खाडी आणि पाऊणकीचा पाढा

मी नवी मुंबईतल्या ऐरोलीत सेक्टरमध्ये, म्हणजे नव्या आखीव वसाहतीत वाढले. बाबा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कंपनीत होते, आम्ही मूळचे कराडकडचे, त्यामुळे खाडी म्हणजे आमच्यासाठी मुलुंडला जाताना पुलावर वास येतो म्हणून बसची खिडकी लावून घ्यायची ती जागा. पुढे भूगोलात एमए केलं, सेट परीक्षा पास झाले आणि २०२० मध्ये पीएचडीला नाव नोंदवलं तेव्हा विषय घेतला ठाणे खाडीच्या पूर्व किनाऱ्यावरची मासेमारी आणि त्यावर जगणारी घरं. गेल्या वर्षी व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा झाली. आमच्या विभागातल्या दोन मुली आता अशाच विषयावर काम सुरू करतायत, त्यांनी विचारलं की फील्डवर्क नक्की केलं कसं, तर फोनवर सांगता सांगता दीड तास गेला आणि तरी अर्धं राहिलंच. थीसिसमध्ये पद्धतीवरचं प्रकरण असतं पण त्यात सगळं धुऊन पुसून लिहिलेलं असतं, म्हणून इथे जसं झालं तसं लिहितेय.

गावाचं नाव लिहीत नाही. ऐरोली ते कोपरखैरणे पट्ट्यातलं एक, एवढंच. माणसांची नावं पण नाहीत, तसा शब्द दिलाय.

आधी कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. कोर्सवर्क, सिनॉप्सिस म्हणजे संशोधनाचा आराखडा, मग एथिक्स कमिटी. माणसांच्या मुलाखती घ्यायच्या तर कमिटीची मंजुरी लागते आणि प्रत्येक माणसाकडून संमतीपत्र घ्यावं लागतं. मी ते मराठीत केलं होतं, पण ते मराठी असं की "उपरोक्त संशोधनात मी स्वेच्छेने सहभागी होत असून". दुसरं म्हणजे खाडीचा ऐरोली आणि वाशीच्या पुलांमधला पश्चिमेकडचा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, साधारण १६.९ चौरस किलोमीटर, त्या हद्दीत पाण्याचे नमुने घ्यायचे तर वनविभागाची परवानगी लागते. मी माझे सगळे पॉइंट हद्दीच्या बाहेरच ठेवले. हे सगळं होईतो लॉकडाउन, मग दुसरी लाट, प्रत्यक्ष गावात पाय ठेवला तो ऑक्टोबर २०२१ मध्ये.

पहिल्याच आठवड्यात संमतीपत्र अडलं. एक काका, सत्तरीच्या पुढचे, तासभर छान बोलले, जिताडा मासा कसा मिळायचा, खाजणात भातशेती कशी व्हायची, खाऱ्या पाण्याला अडवायला बांध कसे घालायचे, सगळं सांगितलं आणि शेवटी मी कागद पुढे केला तर त्यांनी हात मागे घेतला. म्हणाले, "सही केली नं जमीन गेली. आता सही नाय." मी काही बोलूच शकले नाही. १९७० मध्ये सिडको ही शहर वसवणारी सरकारी कंपनी स्थापन झाली, नवी मुंबईसाठी ९५ गावांची जमीन संपादनात आली, १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात पाच माणसं गोळीबारात गेली, तेव्हा कुठे पुढे घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात भूखंड परत देणारी साडेबारा टक्क्यांची योजना आली, हे मी सगळं वाचलेलं होतं, सिनॉप्सिसमध्ये लिहिलेलं सुद्धा होतं. आणि तरीही त्याच माणसांपुढे मी छापील कागद आणि पेन घेऊन गेले. माझं घर ज्या सेक्टरमध्ये आहे ती जमीन कोणाची होती हे मी तोवर एकदाही विचारलेलं नव्हतं.

गाईड मॅडमना सांगितलं, त्यांनी कमिटीला पत्र लिहिलं आणि तोंडी संमती चालेल असं ठरलं, म्हणजे साध्या भाषेत सगळं सांगायचं, घरातलं अजून एक माणूस हजर ठेवायचं आणि होकार रेकॉर्ड करायचा. ज्या मुली आता काम सुरू करतायत त्यांना माझं हे पहिलं सांगणं, तोंडी संमतीची मागणी अर्जातच करून ठेवा, नंतर बदल करायला दोन महिने जातात.

आता मुख्य गोष्ट.

मी तेव्हा एका कॉलेजवर तासिका तत्त्वावर शिकवत होते, सोमवार ते शुक्रवार, म्हणून फील्डवर्कचा वार ठरला शनिवार, सकाळी अकरा ते दोन. जेटीवर जायचं, किती होड्या बांधलेल्या, किती बाहेर, कोण काय घेऊन आलं, हे वहीत लिहायचं. झालं असं की एका शनिवारी जेटीवर नुसती गडबड, होड्या येतायत, बायका पाट्या घेऊन उभ्या, कोलंबी, बोय, शिंगाळा, आणि पुढच्या शनिवारी सगळ्या होड्या बांधून ठेवलेल्या, चिटपाखरू नाही. परत पुढच्या शनिवारी गडबड. मी वहीत लिहिलं, मासेमारी अनियमित. मग त्याला कारणं पण शोधली. शनिवारी बरेच लोक मासे खात नाहीत म्हणून मागणी कमी, तरुण मुलं सुट्टीच्या दिवशी दुसरी कामं करतात, डिझेल परवडत नाही. एका सेमिनारमध्ये हे मांडलं सुद्धा, समोरच्यांनी माना डोलावल्या.

डिसेंबरमध्ये कधीतरी एका आजींच्या ओट्यावर बसले होते, त्या जाळं शिवत होत्या, मी वही उघडून त्यांना तारखा वाचून दाखवत होते की या दिवशी कोणी नव्हतं, या दिवशी होते. त्यांनी सुई थांबवली आणि म्हणाल्या, "बाय, तू पानी बगून येत नायस, घड्याल बगून येतेस."

मग त्यांनी मला हिशोब शिकवला. जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची, तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, तीन वाजता भरती. अष्टमीला सहा. अमावस्या-पौर्णिमेला पंधरा पाऊण सव्वाअकरा, म्हणजे भर दुपार आणि भर मध्यरात्र. त्यात सहा तास मिळवले की सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. खाडीच्या आत पाणी पोचायला अजून थोडा वेळ लागतो तो धरायचा. आजी शाळेत गेलेल्या नाहीत, पण पाऊणकीचा पाढा तोंडपाठ, मी भूगोलाची पदव्युत्तर, मला पावकी-निमकी-पाऊणकी काहीच येत नव्हतं.

घरी येऊन कालनिर्णय काढलं आणि वहीतल्या प्रत्येक तारखेसमोर तिथी लिहिली. सगळं सरळ झालं. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, पाण्याला ओढ, तेव्हा डोल लावतात कारण डोल हे जाळं पाण्याच्या ओढीवरच चालतं, आणि येणारी भरती घेऊन दुपारच्या आत होड्या परत, म्हणून मला अकरा वाजता गडबड दिसायची. सप्तमी-अष्टमीच्या सुमाराला भांग, पाणी संथ, डोल लावून उपयोग नाही, तेव्हा जाळी शिवायची, होडीची डागडुजी करायची. आणि दोन शनिवारांत अंतर सात दिवसांचं, म्हणजे बरोब्बर एक उधाणाचा, एक भांगाचा. यात अनियमित काहीच नव्हतं. घड्याळासारखं नियमित चाललेलं काम मी तीन महिने बघत होते आणि त्याला बेशिस्त म्हणत होते.

याच्याशीच जोडलेली एक चूक अजून सांगते कारण ती जास्त गंभीर आहे. रेकॉर्ड केलेल्या मुलाखती मी उतरवून काढायचे आणि मग प्रत्येक वाक्याला एक कोड द्यायचा असतो, उपजीविका, कर्ज, आरोग्य असे. आगरी-कोळी बोलीत होडीची होरी होते, पाण्याचं पानी, जाळ्याचं जालं, ते हळूहळू कानाला बसलं. पण एका मुलाखतीत एक दादा म्हणाले होते की भांग असला की आम्ही जात नाही, घरीच असतो, आणि मी तो शब्द नशेची भांग असा घेतला. त्या वाक्याला कोड दिला होता व्यसन. तीन मुलाखतींत हा शब्द आला आणि तिन्ही ठिकाणी मी तोच कोड दिला. आजींनी पाण्याचा हिशोब शिकवला नसता तर कोळीवाड्यातल्या व्यसनाधीनतेवर एक परिच्छेद माझ्या थीसिसमध्ये छापून गेला असता, आणि पुढे कोणीतरी त्याचा संदर्भ देऊन अजून लिहिलं असतं. आजही ते आठवलं की पोटात गोळा येतो. उतरवून काढलेली मुलाखत त्याच माणसाला परत वाचून दाखवायची हा नियम मी त्यानंतर एकदाही मोडला नाही.

पाण्याच्या नमुन्यांचं पण तेच. माझी एक मैत्रीण केमिस्ट्रीत आहे, तिने मला पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन मोजायची विंकलर पद्धत शिकवली. बाटली काठोकाठ भरायची, बुडबुडा राहू द्यायचा नाही, आणि तिथल्या तिथे आधी मॅंगनीज सल्फेट मग अल्कली-आयोडाइड टाकायचं. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो, नसेल तर पांढराच राहतो. बाकीचं टायट्रेशन लॅबमध्ये. क्षारता मोजायला रिफ्रॅक्टोमीटर, एक थेंब टाकायचा आणि डोळ्याला लावून आकडा वाचायचा, समुद्राचं पाणी साधारण ३५ (हजार भागांत ३५ भाग क्षार) दाखवतं, पावसाळ्यात खाडीच्या वरच्या अंगाला ते खूप खाली येतं. मी सुरुवातीचे सगळे नमुने त्याच शनिवारच्या अकरा वाजता घेतले होते आणि भरती होती की सुकती याची नोंदच नव्हती. मैत्रिणीने बघितलं आणि म्हणाली हे टाकून दे. भरतीला खाडीत समुद्राकडून पाणी आलेलं असतं, सुकतीला नाल्यांचं आणि वरचं पाणी खाली उतरत असतं, एकाच जागचे दोन वेगळे आकडे येणार, तू ते एका रांगेत कसे ठेवणार. टाकून दिले. परत पहिल्यापासून, प्रत्येक जागी भरतीचा एक, सुकतीचा एक, आणि वहीत वेळेच्या आधी तिथी.

एकदा सुकतीला नाल्याच्या तोंडाशी घेतलेल्या बाटलीत साका पांढराशुभ्र बसला. व्यापारी मासेमारीसाठीच्या पाण्यात लिटरला किमान ४ मिलिग्रॅम ऑक्सिजन हवा असं मानक आहे आणि इथे औषध टाकल्यावर रंगच आला नाही. शेजारी उभ्या असलेल्या मावशी बाटलीकडे बघत होत्या, मी त्यांना सांगितलं पांढरा म्हणजे काय. त्या म्हणाल्या, "ते मेलेलं पानी हाय. आमी तिकरं सुकतीला पाय टाकत नाय, भरतीला चालते." माझ्या दोन रांगांच्या तक्त्यात शेवटी जे निघालं ते हेच होतं. फरक इतकाच की माझ्याकडे आकडा होता आणि आकडा असल्यामुळे ते कागदावर मानलं जातं.

या मावशी म्हणजेच पुढच्या भागाचं कारण.

तोवर माझं तिसरं प्रकरण जवळजवळ लिहून झालं होतं, गावात मासेमारी करणारी घरं किती. मोजायची पद्धत सोपी, मच्छीमार सोसायटीचं सभासद रजिस्टर आणि जेटीवरच्या होड्या, दोन्ही जुळवायचे. मावशींच्या घरी होडी नव्हती, नवरा वारलेला, मुलगा महापेला एका कंपनीत गाडी चालवतो. म्हणून मी त्यांना माजी मच्छीमार कुटुंब असं टाकलं होतं. नाल्यावरच्या त्या दिवशी मला पहिल्यांदा खटकलं की मासेमारी सोडलेल्या बाईला सुकतीला पाय कुठे टाकायचा नाही हे आज, आत्ता, कसं माहीत. विचारलं तर हसल्या, म्हणाल्या अमावसेला पहाटे ये.

मी गेले. साडेपाचला, अंधार होता. जेटीवर कोणीच नव्हतं, जेटीवरून त्या जातच नाहीत. वस्तीच्या मागून, नाल्याच्या कडेने तिवरांमधून, म्हणजे खारफुटीच्या झाडांमधून एक वाट आहे, माणूस जेमतेम जाईल एवढी, तिथून एकामागून एक नऊ बायका उतरल्या. लुगड्याचा, साडीचा काष्टा मारलेला, पायात जुने बूट आणि त्यावर मोजे ओढून घट्ट बांधलेले, कारण चिखलात काचा असतात, इंजेक्शनच्या सुया असतात. कमरेला तेलाचा डबा कापून केलेलं भांडं. तिवरांची श्वसनमुळं चिखलातून बोटांसारखी वर आलेली असतात त्यांच्यामधून त्या अशा चालत होत्या की जणू घरातली फरशी. मी तिसऱ्या पावलाला गुडघ्यापर्यंत रुतले. मागून एकीने सांगितलं पाय सरळ टाकू नको, तिरका टाक आणि उचलताना आधी टाच काढ.

तिवरांच्या पुढे गेल्यावर मी थांबले. समोर चिखलाचं मैदान पसरलेलं, लांबपर्यंत, जिथे मी रोज पाणी बघितलं होतं. उजाडत होतं. बायका पांगल्या. कोणी बिळात हात घालून निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे काढतंय, कोणी लोखंडी आकडीने चिंबोरी ओढतंय, कोणी बसून दोन्ही हातांनी चिखल चाळत शिंपल्या वेचतंय. बीळ बघून आत चिंबोरी आहे की सोडून गेलीय हे त्यांना कळतं, बिळाच्या तोंडाशी चिखल ओला आणि ताजा असेल तर आहे. सात-सव्वासातला पाणी फिरलं. मला दिसलं नाही, त्यांना पायाला कळलं, सगळ्या एकदम उठल्या. आठच्या आत घरी. त्यातलं अर्धं कालवणाला, अर्धं नाक्यावर बसून विकायचं, आणि मग दोन-तीन जणी सेक्टरमध्ये घरकामाला जातात. त्यांच्यातली एक आमच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये येते. मी तिला लिफ्टमध्ये कितीतरी वेळा बघितलंय.

त्या दिवशी तिसरं प्रकरण बाजूला ठेवलं. होडी नाही म्हणून मी ज्या घरांवर काट मारली होती त्या सगळ्या घरी परत गेले, आणि प्रश्न बदलला. मासेमारी करता का असं विचारलं की बाया सांगायच्या नाही, ती पुरुष करतात. खाडीत जाता का असं विचारलं की सांगायच्या हो, जातो ना. माझ्या प्रश्नावलीतल्या एका शब्दामुळे ही घरं गेली होती. यादी बरीच वाढली आणि वाढलेल्या एकाही घरात होडी नव्हती.

मग नकाशे. खाडी कशी बदलली हे दाखवायला मी उपग्रहाची जुनी-नवी चित्रं शेजारी शेजारी ठेवली होती. तिवरं वाढलीत हे स्पष्ट दिसतं, आणि चिखलाचा उघडा पट्टा कमी झालाय हे पण. गाळ साचला की तिवर त्यावर पुढे सरकतं. हे चांगलंच आहे, २००५ च्या हायकोर्टाच्या आदेशामुळे तिवरांना संरक्षण मिळालं, २०१२ मध्ये राज्यात स्वतंत्र कांदळवन कक्ष झाला, ते झालं नसतं तर आज किनाऱ्यावर काय उरलं असतं याचा विचार नको वाटतो. पण त्याच वेळी गावातल्या जुन्या वाटा आणि होडी न्यायच्या चिंचोळ्या खाड्या गाळाने आणि तिवरांनी बुजल्यात, आणि वाट मोकळी करायला फांदी तोडली तर गुन्हा. नकाशावर हिरवा रंग वाढला की आपण खूश होतो. मी पण होते. गावातल्या माणसांचं तिवरांशी भांडण नाही, त्यांच्या तोंडून एकदाही तिवरं नकोत असं आलं नाही, त्यांचं म्हणणं एवढंच की वाट ठेवा.

पण नकाशाचं खरं कोडं वेगळं निघालं. बायका ज्या चिखलात काम करतात तो मला एकाही उपग्रह-चित्रात सापडेना. दोन वर्षांची चित्रं चाळली, तिथे कायम पाणी. मला वाटलं मी जागा चुकीची टिपली. मग एका रात्री चित्रांच्या वेळा बघितल्या आणि डोक्यात प्रकाश पडला. हे उपग्रह ज्या दिवशी एखाद्या जागेवरून जातील त्या दिवशी सकाळी ठराविक वेळेलाच जातात, आपल्याकडे साधारण साडेदहा-अकराच्या सुमाराला. म्हणजे माझीच वेळ! आणि उधाणाच्या दिवसांत आपल्याकडे पूर्ण भरती येते दुपारी बाराच्या आसपास. सर्वात खोल सुकती उधाणाचीच असते, पण ती येते पहाटे सहा-सातला आणि संध्याकाळी. अकरा वाजता येणाऱ्याला उधाणात दिसणार भरलेली खाडी, आणि भांगाच्या दिवसांत दिसणार थोडासाच उघडा चिखल. तो सर्वात खालचा पट्टा, जिथे त्या नऊ जणी होत्या, तो या चित्रांमध्ये येऊच शकत नाही, कितीही वर्षांची चित्रं घ्या. आपल्या किनाऱ्याची भरती आणि उपग्रहाची वेळ यांचं गणितच तसं आहे.

मी पहाटे दोनला गाईड मॅडमना मेसेज केला. त्यांचा सकाळी सहाला फोन आला, म्हणाल्या हे तुझं थीसिस आहे, बाकीचं सगळं याच्या भोवती लाव.

कारण याचा अर्थ नुसता तांत्रिक नाही. रजिस्टरमध्ये होडी मोजतात, तिथे या बायका नाहीत. नकाशात चिखल मोजतात, तिथे त्यांची जागा नाही. २०२१ मध्ये ठाणे खाडीवरच्या तिसऱ्या पुलाच्या प्रकरणात मुंबई हायकोर्टाने प्रकल्पांमुळे बाधित मच्छीमारांना भरपाई देण्यासाठी धोरण करायला सांगितलं, हे फार मोठं पाऊल होतं, गावात पेढे वाटले नाहीत पण बोलणं त्याचंच होतं. आता भरपाई म्हटली की पहिला प्रश्न येणार, बाधित कोण. आणि त्याचं उत्तर कुठल्या कागदावरून काढणार, तर रजिस्टर आणि नकाशा. २०२२ मध्ये ठाणे खाडी रामसर यादीत गेली, ६,५२१ हेक्टर, आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. त्या रामसर करारातच सुज्ञ वापर अशी कल्पना आहे, म्हणजे पाणथळ जागा राखायची ती माणसांना बाहेर काढून नाही, तर त्यांचा टिकाऊ वापर धरून. पण जो वापर कोणाला दिसतच नाही तो धरणार कसा? फ्लेमिंगो हिवाळ्यात लाखाच्या घरात येतात, त्यांची गणती होते, आणि व्हायलाच हवी, ऐरोलीच्या केंद्रातून पक्षी बघायला सुटणाऱ्या बोटींची वेळ सुद्धा भरती बघून ठरते. त्याच चिखलात हात घालणाऱ्या बाईची गणती कुठल्या खात्यात?

लोकांचा नकाशा आम्ही मग चार्ट पेपरवर केला, तीन चार्ट जोडून, मावशींच्या ओट्यावर. आधी देऊळ काढलं, मग नाला, मग तिवरांतली वाट, मग एकेक जागा नावाने. त्या चिखलाला नावं आहेत! मी ज्याला एका रंगात रंगवलं होतं तिथे वीसेक नावं निघाली, कुठे काय मिळतं, कुठे पाय रुततो, कुठे पूर्वी मिळायचं आणि आता काळं पाणी. नावांवरून दोघींचं भांडण झालं, म्हाताऱ्या आजींना बोलवून निकाल लावला.

सबमिशनच्या आधी मी बारा पानांचा मराठी गोषवारा केला आणि गावात वाचला. हे कोणी सांगितलेलं नव्हतं, पण काकांनी पहिल्या महिन्यात एक गोष्ट सांगितली होती ती मनात होती. त्यांच्याकडे आधी पण लोक येऊन गेले होते, मोठमोठ्या ठिकाणांहून, फोटो काढले, पाण्याच्या बाटल्या भरल्या, आणि परत कोणी आलं नाही, काय निघालं ते कळलं नाही. समाजमंदिरात सतरंज्या टाकल्या, चाळीसेक माणसं आली. वाचायला तास लागला, बोलणं तीन तास चाललं. डोल लावायच्या एका जागेचं वर्णन चुकलं होतं ते दादांनी दुरुस्त केलं. आणि बायकांनी नकाशावरची एक जागा काढून टाकायला सांगितली, शिंपल्यांची सर्वात चांगली. छापलं तर बाहेरचे येऊन खणून नेतील, म्हणाल्या. मी काढली. थीसिसमध्ये तिथे मोकळं आहे आणि खाली लिहिलंय की ही जागा समुदायाच्या सांगण्यावरून दिलेली नाही. व्हायवाला बाहेरून आलेल्या सरांनी त्यावर बोट ठेवलं, म्हणाले डेटा अपुरा आहे. मी सांगितलं सर, डेटा माझ्याकडे आहे, छापायचा अधिकार माझ्याकडे नाही. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग पुढचा प्रश्न विचारला. मला वाटतं त्यांना पटलं.

जुनियर मुलींनी विचारलं होतं की सॅम्पल साइज किती ठेवावी, कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं. ते गाईडना विचारा, मी घेतलं ते आता जुनं पण झालं असेल. माझ्याकडून एवढंच घ्या की वहीचा पहिला रकाना तिथीचा ठेवा, शनिवारची सवय सोडा, आणि पहाटे जायला कोणीतरी बोलवेल इतके दिवस ओट्यावर बसा. सुट्ट्या घ्याव्या लागतील. माझा पगार दोन महिने कापला गेला, घरी बोलणी पण खाल्ली.

सध्या काय चाललंय ते सांगते. बायकांनी सोसायटीला अर्ज केलाय, होडी नसली तरी सभासद करून घ्या म्हणून, सोबत माझ्या थीसिसमधला तक्ता आणि चार्टचा फोटो जोडलाय, अर्ज त्यांनीच लिहिला, मी फक्त शुद्धलेखन बघितलं. दोन बैठका झाल्या, पुरुषांमध्येच दोन मतं आहेत, काहींना वाटतं भरपाईचे वाटेकरी वाढतील, काही म्हणतात आपल्याच आया-बहिणी आहेत. तिसरी बैठक नारळी पौर्णिमेनंतर दोन दिवसांनी आहे. ती आधी संध्याकाळी सहाला ठेवली होती. मावशींनी जाऊन सांगितलं की त्या दिवशी द्वितीया आहे, दोन पाऊण दीड, म्हणजे सहाला आम्ही चिखलात असणार, आम्हाला बोलवायचं असेल तर वेळ बदला. आता रात्री नऊला आहे.